जळकोटची थॉर्नबी

महालिंगप्पाला निवांत बसलेलं आपण पाहिलंय, असं जळकोटात कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकलं नसतं. जेवायचा तोही एक गुडघा वर करून, अर्धा उठलेला. चहा उभ्यानं. सोलापूर-हैदराबाद सडकेच्या कडेला त्याचं पत्र्याचं दुकान होतं. तिथं सायकली यायच्या, विहिरीवरची इंजिनं यायची, आणि हा एकाचा नट सैल करून दुसऱ्याकडं पळायचा. त्याची बायको इरम्मा म्हणायची, "ह्यांच्या पायाला भिंगरी हाय. आईच्या पोटात नऊ महिने कसे काढले कुणास ठाऊक!"

त्याला एकाच जागी खिळवून ठेवणारी एकच वस्तू जगात होती, ती म्हणजे त्याची फटफटी. विलायतेतल्या थॉर्नबी कंपनीची, सदतीस सालची, बाजूला माणूस बसायचा डबा जोडलेली. पोलिस ॲक्शननंतर निजामाच्या बांधकाम खात्यातला एक इंजिनिअर मुलूख सोडून निघाला. दुरुस्तीला टाकलेली गाडी न्यायला त्याला सवड नव्हती. "तुम रखो, मिस्तरी. तुम्हारे हाथ की है," असं म्हणून त्यानं कागद लिहून दिला आणि गेला तो गेलाच.

पुढं त्रेपन्न साली गावात सरकारी नर्स म्हणून गिरिजाबाई आल्या. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या बाळंतिणी त्यांच्याकडं होत्या, पण जायला एक बैलगाडी आणि दोन पाय. महालिंगप्पानं तिसऱ्याच दिवशी गाडी त्यांच्या दारात उभी केली. "बसा डब्यात. कंपनी हाय तवर ही गाडी तुमास्नी वाटंत सोडायची न्हाय." तेव्हापासून बॅग मांडीवर घेऊन, डोक्याला पदर घट्ट गुंडाळून गिरिजाबाई डब्यात, आणि महालिंगप्पा सीटवर. पोरंसोरं 'डब्याची फटफटी' म्हणून मागं धावायची. नऊ वर्षांत त्या फटफटीनं किती पोरं जन्माला घातली याचा हिशेब कुणी ठेवला नाही, पण दोघाचौघांचं घरचं नाव 'फटफट्या' पडलं होतं.

ही कंपनी म्हणजे काय, हे गावाला महालिंगप्पाच्या तोंडून पाठ झालं होतं. त्याला स्वतःला इंग्रजीचा गंध नव्हता. सुट्या भागांसाठी पत्रं लिहायची ती राघवेंद्र गुरुजींनी. गुरुजी तुळजापूरचे, शाळेत इंग्रजी शिकवायचे. महालिंगप्पा दुकानात येरझाऱ्या घालत सांगायचा आणि गुरुजी उलट्या घमेल्यावर वही ठेवून लिहायचे. पत्राची सुरुवात ठरलेली.

"लिवा, कंपनी चालू हाय का? मंडळी खुशाल हायेत का?"

"अहो अप्पा, कंपनी बंद असेल तर उत्तर कोण देईल? हा काय प्रश्न झाला?"

"इचारायची रीत असती, गुरुजी. भाग काय, मागनं बी मागता येतो."

आणि गंमत अशी की तिकडून उत्तर यायचं. मंडळी खुशाल आहेत, असं. कंपनी एवढीशीच होती. पत्रावर सही नेहमी एकाच माणसाची, कोल नावाच्या जुन्या कारागिराची. इतक्या लांबून खुशाली विचारणारं गिऱ्हाईक त्यालाही दुसरं मिळालं नसावं. महालिंगप्पा काहीबाही विचारायचा आणि कोल सांगायचा. पहिला थॉर्नबी सायकली दुरुस्त करायचा, हे कळलं तेव्हा महालिंगप्पाची छाती दोन बोटं फुगली. त्या थॉर्नबीनं परसातल्या शेडात बारा साली पहिली गाडी बांधली. पहिल्या लढाईत फटफट्या सोडून तोफगोळ्यांची टोपणं करावी लागली. मग बरे दिवस आले, चाळीस माणसं कामाला लागली, एकदा शर्यतीत दुसरा नंबर आला. दुसऱ्या लढाईत बॉम्ब पडला आणि भागांच्या नकाशांची खोली जळाली. नंतर थोरला मुलगा गेला आणि नातवाच्या हातात कारभार आला. मोठ्या कंपन्यांनी स्वस्त गाड्या काढल्या, चाळीसाची अकरा माणसं झाली. हे सगळं महालिंगप्पा हॉटेलात उभ्यानं सांगायचा, सोयऱ्याच्या घरची बातमी सांगावी तसं. "नातू चांगला हाय, पर आज्यावानी हात न्हाय त्याचा," असंही वर म्हणायचा. जसा काही त्याच्या लग्नात जेवून आलाय!

बासष्टच्या पौषात गिअरपेटीतलं एक दातेरी चाक फुटलं. साधंसुधं फुटलं नाही, तीन तुकडे झाले आणि दात्यांचा चुरा झाला. महालिंगप्पानं सोलापुरात मिलच्या वर्कशॉपातून अंदाजानं एक करून आणलं. ते आठ दिवसांत झिजून गुळगुळीत झालं. मग पत्र गेलं.

उत्तर फाल्गुनात आलं. गुरुजींनी ते आधी मनात वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अप्पा, कंपनी बंद होतेय. तीस जूनला. यंत्रं विकायला काढलीत."

महालिंगप्पा चालायचा थांबला नाही, उलट वेग वाढला. "आन चाक?"

"चाक शिल्लक नाही. त्याचा नकाशा बॉम्बमध्ये जळाला. कोलसाहेब म्हणतात, अख्खे दाते असलेलं जुनं चाक तुमच्याकडं असेल तर पाठवा. त्यावरून माप घेऊन करून देतो. पण तीस जूनच्या आत."

जुनं चाक होतं. सत्तावन्न साली महालिंगप्पानं ते बदललं होतं. झिजलेलं, पण दाते सगळे जागच्या जागी. मात्र ते दुकानात नव्हतं, ते गावाच्या बारवेच्या तळाशी होतं.

ही महालिंगप्पाची स्वतःची रीत. घरातला देव झिजला की आपण पाण्यात सोडतो, भंगारात घालत नाही. मग ज्या लोखंडानं आपलं पोट भरलं ते भंगारवाल्याच्या काट्यावर का चढवायचं? दर खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की वर्षभरातले फटफटीचे झिजलेले भाग तो ताम्हनात घ्यायचा, विभूती लावायचा, बेलाचं पान ठेवायचा आणि बारवेत सोडायचा. लोक हसायचे, त्याला पर्वा नव्हती.

आता पाण्यात सोडलेलं बाहेर काढायचं? इरम्मा कडाडली, "सोडलेला देव कुणी माघारी आणतंय का? घरात लेकीसुना हायेत. म्या उंबऱ्याच्या आत येऊ द्याची न्हाय ते!" आणि खरं सांगायचं तर महालिंगप्पाही तिच्याच मताचा होता. तो बारवेपर्यंत जायचा, काठावरून तीन फेऱ्या मारायचा आणि परत यायचा. दुसरीकडं काही मिळेल म्हणून सोलापूर झालं, लातूर झालं, येडशीला उतरून बार्शी झाली. दिवस चालले होते. गुरुजींच्या शाळेतलं कॅलेंडर तो येता-जाता बघायचा आणि उगाच त्यांच्यावर खेकसायचा.

वैशाख सरता सरता डोंगराकडच्या एका वस्तीवरून निरोप आला, पहिलटकरीण अडली आहे. गिरिजाबाई बैलगाडीनं निघाल्या. फटफटीची पाऊण तासाची वाट, बैलगाडीला सकाळची दुपार झाली. संध्याकाळी त्या परत आल्या त्या सरळ दुकानात. चप्पल हातात, पाय धुळीनं भरलेले.

"बाई वाचली, अप्पा. लेकरू गेलं." चप्पल खाली टाकत त्या म्हणाल्या, "तासभर आधी पोचले असते तर दोगंबी राहिली असती. तुमाला बोल लावत न्हाय मी. पर सांगितल्याबिगर घरी जाववेना."

फुटक्या चाकापेक्षा आपल्या तीन फेऱ्याच महालिंगप्पाच्या काळजात जास्त रुतल्या.

दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत तो बारवेत उतरला. शेवटच्या पायरीवर त्यानं पाण्याला हात जोडले. "दिलेलं माघारी मागतोय. माझ्यासाठी न्हाय. राग धरायचा तर माझ्यावर धर, घरावर नको." आणि घमेलं घेऊन गाळात शिरला.

पाणी मांडीइतकं होतं. पहिल्या दिवशी बायकांनी आरडाओरडा केला, पाणी गढूळ होतंय म्हणून. दुसऱ्या दिवशी गिरिजाबाई घागर घेऊन आल्या आणि त्या बायकांशी काय बोलल्या देव जाणे, तिसऱ्या दिवसापासून बायका पहाटेच पाणी भरून जाऊ लागल्या. गाळातून जुन्या साखळ्या निघाल्या, वायसर निघाले, कुणाचा तरी हरवलेला तोडा निघाला. सहाव्या दिवशी चाक निघालं. त्यानं अंगठा फिरवून दाते मोजले, एकही कमी नव्हता.

घरी आला तर इरम्मा दारात उभी. तिनं चाकाकडं पाहिलं, नवऱ्याच्या चिखलानं माखलेल्या अंगाकडं पाहिलं. मग आत गेली, तांब्याभर पाणी आणि भाकरतुकडा घेऊन आली. चाकावरून तुकडा ओवाळून टाकला, पाणी ओतलं आणि म्हणाली, "या आत. दोगंबी."

बारवेची सगळी हकीकत लिहिलेल्या पत्रासोबत चाक विमानाच्या टपालानं गेलं आणि महालिंगप्पाचे खरे हाल सुरू झाले. मृग गेला, आषाढ गेला. पोस्टमन बंडप्पा त्याला लांबूनच हात हलवून 'न्हाय' म्हणायचा, तरी हा त्याची पिशवी उलटीपालटी करायचा. मधे तीस जूनला तर त्यानं दुकान उघडलंच नाही. सडकेनं नळदुर्गापर्यंत चालत गेला आणि चालत परत आला. कशाला गेला होता, विचारलं तर म्हणाला, "तिकडं आज कुलूप लागत आसंल."

पार्सल श्रावणात आलं. लाकडी खोका. वर नवं कोरं दातेरी चाक, तेलकट कागदात. खाली बारवेतलं जुनं. त्याखाली हातानं काढलेला नकाशा आणि पोलादाचा छोटा कटर, दाते पाडायचा. गुरुजी पत्र वाचू लागले.

"तुमचं चाक अठ्ठावीस जूनला मिळालं. त्या दिवशी फक्त एक यंत्र जागेवर होतं, बाकीची लोकांनी नेली होती. हे चाक मी एकोणतीस तारखेला पाडलं. या कारखान्यात बनलेली ही शेवटची वस्तू. कटर विकायच्या यादीत लिहायला मी विसरलो, असं समजा. पोलाद किती लाल करायचं आणि कुठल्या तेलात बुडवायचं ते नकाशाच्या मागं लिहिलंय. जुनं चाक जपून ठेवा, पाण्यात टाकू नका. तुम्ही दर वेळी विचारता म्हणून कळवतो, कंपनी आता चालू नाही. मंडळी आपापल्या घरी खुशाल आहेत. मी उद्यापासून घरीच."

महालिंगप्पा खाली बसला. सरळ जमिनीवर, पाय पसरून. इरम्मा घाबरून धावत आली, "काय झालं ह्यास्नी?" गुरुजींनी तिला हातानंच थांबवलं. महालिंगप्पाच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं. न पाहिलेल्या माणसासाठी तो रडत होता आणि त्याची त्याला लाजही वाटत नव्हती.

तेवढाच काय तो बसला. संध्याकाळी गाडी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी गिरिजाबाई डब्यात होत्या.

त्या खंडेनवमीला त्यानं बारवेत काही सोडलं नाही. जुनं चाक, कटर आणि नकाशा असं सगळं हत्यारांशेजारी पाटावर मांडलं. पुढं सोलापूरच्या त्याच वर्कशॉपात त्यानं कोलच्या कटरनं एक चाक पाडून पाहिलं, दोनदा बिघडलं, तिसऱ्यांदा जमलं.

संक्रांत झाली आणि बंडप्पा धावत आला. पत्र होतं, पण विलायतेचं नव्हतं, तिकीट सिलोनचं. चहाच्या मळ्यावरचा कुणी मिस्तरी होता. त्याच्याकडं तीच थॉर्नबी, तेच चाक फुटलेलं. त्यानं कारखान्याला लिहिलं, तर कोल नावाच्या म्हाताऱ्यानं घरून उत्तर धाडलं की चाक हवं असेल तर जळकोटला लिहा.

"आणि शेवटी विचारलंय," गुरुजी म्हणाले, "तुमच्याकडं काम चालू आहे का?"

महालिंगप्पानं तोवर कटर फडक्यात गुंडाळला होता, डोक्याला पटका बांधला होता. सोलापूरची एसटी वळणावर हॉर्न देत होती.

"लिवा, गुरुजी," तो चालता चालताच म्हणाला, "कंपनी चालू हाय. मंडळी खुशाल हायेत."