लाईट गेली नव्हती

देविदासभाऊ गेले. आणि माझ्या फोनमध्ये त्यांचा नंबर अजून 'प्रिंटर' या नावानेच सेव्ह आहे.

माणसाला मी मशीनचं नाव दिलं होतं. आज लाज वाटतेय.

आज सकाळी हार्ट अटॅक आला आणि दुपारी ब्रह्मपुरीला सगळं आटोपलं. तिथूनच परत येतेय. एक गोष्ट तीन वर्षं पोटात ठेवली होती, ती आज लिहून टाकते.

मी आरमोरीच्या एका कॉलेजात परीक्षा विभागात क्लार्क आहे. कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी नेमणुकीची नवी ऑर्डर हातात येईपर्यंत जीव टांगणीला असतो.

तीन वर्षांपूर्वी, धान कापणीला आलं होतं. दुसऱ्या दिवशी परीक्षा, आणि हॉल तिकिटं निघायची होती. पोरं आतल्या गावांतून पहिल्या बसने येणार. हॉल तिकीट नाही तर पेपर नाही.

आमचा सगळ्या ऑफिसचा एकच मोठा प्रिंटर. त्याच्या स्क्रीनवर आठवडाभर 'अपडेट करा' असा मेसेज येत होता.

कटकट जावी म्हणून मी 'हो' दाबलं. हुशारीच ती!

स्क्रीनवरची अपडेटची पट्टी अर्ध्यावर आली आणि आभाळ कडाडलं.

आता आपल्याकडचं तुम्हाला माहीतच आहे. वीज कडाडली की हात आपोआप मेन स्विचकडे जातो. घरी टीव्हीची पिन, ऑफिसात मेन. लहानपणापासूनची सवय.

मी मेन पाडलं.

पाडल्यावर लक्षात आलं की अपडेट चालू होतं.

परत चालू केलं तर स्क्रीनवर नुसतं कंपनीचं चिन्ह. पुढे काही येईना. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर प्रिंटर 'ऑफलाइन'.

आमचे विभागप्रमुख सर आले. काय झालं म्हणाले.

"लाईट गेली होती, सर."

तोंडातून निघून गेलं. सर शांतपणे एवढंच म्हणाले की उद्या सकाळी तिकिटं टेबलावर पाहिजेत, नाहीतर तुझ्या पुढच्या ऑर्डरचं काही सांगता येणार नाही. बाहेर कुठे प्रिंट काढायचीही परवानगी नव्हती.

मी ब्रह्मपुरीला देविदासभाऊंना फोन लावला. आमच्या भागातल्या निम्म्या ऑफिसांचे प्रिंटर तेच दुरुस्त करायचे. मी रडतच होते.

त्यांनी मशीनचं काही विचारलं नाही. आधी विचारलं, "तिकडं आभाळ कसं आहे?"

मला राग आला. इथे माझी नोकरी जातेय आणि यांना आभाळ सुचतंय. खूप वाजतंय, म्हटलं.

मग म्हणाले, "येतो. कोणाले हात लावू देऊ नको."

वैनगंगेचा पूल ओलांडून, भर पावसात, मोटरसायकलवर आले. चहा दिला तर अर्धा बशीत सांडला. हात थरथरत होते. मला वाटलं, भिजलेत, थंडी वाजत असेल.

त्यांनी प्रिंटरची नेटवर्कची वायर काढली, आपल्या बॅगेतली दुसरी वायर थेट लॅपटॉपला जोडली, एक बटण दाबून धरून मशीन चालू केलं. अपडेटची फाइल पुन्हा पाठवली.

पट्टी सरकायला लागली. मुंगीच्या पावलाने.

आणि आभाळ पुन्हा कडाडलं. खरं सांगते, मी उठले होते. हात मेनकडे गेलाही होता.

भाऊ मेनच्या बोर्डाला पाठ लावून उभे राहिले.

"बस, प्रणाली. आता लाईट बंद झाली तं मशीन कायमची गेली."

वीस-पंचवीस मिनिटं ते तसेच उभे. प्रत्येक आवाजाला डोळे घट्ट मिटायचे. मला ते दिसत होतं, पण माझं सगळं लक्ष पट्टीकडे होतं.

मशीन उठलं. तरी कॉम्प्युटर 'ऑफलाइन'च म्हणत होते, कारण प्रिंटरचा नेटवर्कवरचा जुना पत्ता पुसला गेला होता. तो भाऊंनी कधीतरी चिठ्ठीवर लिहून मशीनच्या मागे चिकटवून ठेवला होता. तोच पुन्हा भरला. पहिलं हॉल तिकीट बाहेर आलं तेव्हा मी खुर्चीतच बसून रडले.

निघताना ते हळूच म्हणाले, "लाईट गेली नोती ना? समोरच्या सलूनवाल्याले विचारलो मी."

मी मान खाली घातली.

"सरांले सांगून टाक. मी नाई सांगत, तुलेच सांगा लागते. भेव वाटते तुले, ठीक आहे. भेव तं मलेही वाटते."

मला वाटलं, माझी समजूत काढतायत.

मी सरांना सांगितलं नाही. तिकिटं वाटली गेली, ऑर्डर आली, मी गप्प बसले. भाऊ नंतर कितीदा तरी आले, पण त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

आज अंत्यविधीची बुद्धवंदना झाल्यावर भाऊंच्या घरी वहिनींजवळ बसले होते. त्यांनीच त्या दिवसाचा विषय काढला.

भाऊंचा धाकटा भाऊ लहानपणी धानाच्या बांधीत वीज पडून गेला. देविदासभाऊ स्वतः दहा पावलांवर होते. तेव्हापासून आभाळ वाजलं की आतल्या खोलीत खाटेवर पाय वर घेऊन बसायचे. फोनसुद्धा बंद करायचे.

"त्या दिवशी मी म्हटलं, जाऊ नका," वहिनी म्हणाल्या. "तं म्हणे, पोरगी रडून राह्यली."



तो माणूस तेवढी भीती घेऊन नदी ओलांडून आला, आणि मला तीन वर्षांत एक वाक्य बोलता आलं नाही.

माझी ऑर्डर पुढच्या महिन्यात संपतेय.

सर, तुम्ही माझ्या फ्रेंड लिस्टमध्ये आहात. वाचत असाल तर,

त्या दिवशी लाईट गेली नव्हती. मेन मी पाडलं होतं.

सांगितलं, भाऊ.

जय भीम. शांत झोपा.