आठ वाजता माग बंद

पुण्याहून बेळगावला जाणाऱ्या बसमध्ये पडदा होता, आणि पडदा होता म्हणून सिनेमा होता. नायक गावी परततो, काळा चष्मा काढतो, पुन्हा घालतो, आणि मधल्या वेळात दहाबारा माणसं बैलगाडीखाली जातात. गावात पाणी नसल्याचं दुःख नायिका न्हाऊन, केस मोकळे सोडून सांगत होती. मी कानात कापूस घातला. शेजारचे गृहस्थ निपाणीचे तंबाखूचे व्यापारी. पोरगा पुण्यात शिकतो म्हणून त्यांचं येणंजाणं असतं. सिनेमा कसा वाटला, असं त्यांनीच विचारलं आणि मी सांगितलं. "तुमाला तिकिटाचं पैसं बसचं पडल्यात," ते म्हणाले, "पिच्चर फुकट हाय. आनि किती चांगला पायजे?" एवढं नेमकं परीक्षण मी वर्तमानपत्रात वाचलेलं नाही.

ते निपाणीला उतरले. स्टँडवर चहा घेतला. हवेत तंबाखूचा उग्र वास, पाट्या कानडी आणि भांडणं मराठीत. पुढे बेळगावाआधीच्या काकतीपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण गेल्या वर्षी एका वेब सिरीजने हाच मुलूख दाखवला होता. त्यात उघडे डोंगर होते, लाल दिव्याखाली दारू पिणारी माणसं होती आणि प्रत्येकाच्या हातात कोयता. मला दिसला तो ऊस, गॅरेजं, शाळा सुटलेल्या मुली आणि कोबी भरलेला टेम्पो. सिरीजवाल्यांनी इकडे चक्कर मारली असती तर कोयते निम्मे लागले असते.

मी निघाले होते रेणुकाच्या फोनमुळे. रेणुका ही बेळगावातल्या वडगावच्या माझ्या मावशीची सून. लग्नाआधी ती प्रयोगशाळेत रक्ततपासणीचं काम करायची. आता निपाणीच्या एका दवाखान्याने तिला बोलावलं होतं. आठवडाभर तिथेच माहेरी राहायचं, रविवारी वडगावला यायचं. होकार शनिवारपर्यंत कळवायचा होता, आणि सासूला अजून विचारलेलंच नव्हतं. "गुरुवारी रात्री आठला तुमी घरात पायजे, आक्का," एवढंच ती म्हणाली.

वडगावात गल्लीच्या तोंडापासून यंत्रमागांचा खडखडाट सुरू होतो. मावशीच्या घरात पुढच्या खोलीत दोन माग, मधे टीव्ही, मागे चूल. मावशीचा मुलगा परशराम मागावर होता. त्याने मान हलवूनच स्वागत केलं, कारण त्या आवाजात बोलून उपयोग नसतो. मावशी घरात नव्हती. संध्याकाळी ती पलीकडे कानडी शांतव्वाच्या ओसरीवर कांड्या (मागाच्या आडव्या सुताची रिळं) भरायला बसते, तिथे वारा लागतो म्हणून.

स्वयंपाकघरात रेणुकाने बेत सांगितला. आठला लागणारी मराठी मालिका ही एका कानडी मालिकेची नक्कल आहे. कानडी पुढे पळते, मराठी काही महिने मागून येते. इकडची माणसं दोन्ही बघतात आणि पुण्यातल्या नातेवाइकांना फोनवरून पुढचं सांगून त्यांच्या आठवड्याची माती करतात. कानडीत नायिकेला परगावी नोकरी लागते आणि सासू स्वतः तिची पिशवी भरून देते. तोच भाग आज मराठीत होता. मावशीला कानडी येत नाही, ती निपाणीकडची. तिला रडू येईल, आणि त्याच रडण्यात रेणुका विचारणार.

मला राग आला. ज्या मालिकेत चमचा पडायला अख्खा मंगळवार जातो, जिथल्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं कुणी जेवलेलं नाही, तिच्या भरवशावर शिकलेल्या मुलीने आपली नोकरी टांगावी? सरळ विचार की, म्हटलं.

"सरळ विचारून न्हाय म्हटल्या तर परत विचाराय येत न्हाय, आक्का," ती म्हणाली.

आठ वाजता परशरामने माग बंद केले. ह्या घरात देवाच्या आरतीलासुद्धा एक माग चालू असतो. मावशी पदराने सूत झटकत आली, माझी चौकशी केली आणि टीव्हीसमोर बसली. रेणुका माझ्या शेजारी.

नायिका पिशवी घेऊन दाराशी आली. दार तीनदा उघडलं. मग सासूने छातीला हात लावला आणि ती कोसळली, अंबाडा न विस्कटता. नायिकेने नेमणुकीचं पत्र तुळशीपुढच्या दिव्यावर धरलं. पत्र जळताच सासूने डोळे उघडले, सगळ्यांनी हात जोडले आणि साबणाची जाहिरात लागली. कुठल्या शहाण्याने कानडीतला एकुलता एक बरा प्रसंग काढून हे शेण घातलं, देव जाणे. रेणुका खाली मान घालून उठायला लागली.

"बस गं," मावशी म्हणाली. मग टीव्हीकडे हात करून, "ह्यांनी खोटं लावलंय. कानडीत असं न्हाय. कानडीत सासू पिशवी भरती."

परशराम आईकडे बघतच राहिला. तुला कानडी कधीपासून कळायला लागली, असं त्याने विचारलं.

"शांतव्वाच्या दारात, तिच्या टीव्हीम्होरं इतकी वर्सं कांड्या भरतोय, कान झाकून व्हय? मला येत न्हाय म्हटलं की ती सगळ्या गल्लीचं माझ्यासमोर बोलती." मग रेणुकाकडे वळून, "तुझं काय हाय? चार दिस आमटीत मीठ जास्ती पडाय लागलंय."

रेणुकाने सांगितलं. दवाखाना, माहेर, शनिवार, सगळं सलग आणि उभ्याउभ्या. घरातल्या निम्म्या कांड्या रेणुका भरते, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

"ऐतवारी येशील न्हवं?" मावशीने विचारलं.

"व्हय, आत्ती."

"मग जा. त्या थोबाड रंगवलेलीगत मी पडून दावनार न्हाय."

परशरामने माग सुरू केले आणि पुढचं बोलणं खडखडाटात गेलं.

शनिवारी होकार कळवला. सोमवारी परतीच्या बसमध्ये रेणुका माझ्याबरोबर निपाणीपर्यंत होती. पडद्यावर पुन्हा कुणीतरी काळा चष्मा काढत होतं. मालिकांबद्दलचं माझं मत तसूभर बदललेलं नाही. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. कानडीतला तो चांगला भाग मावशीने महिन्यांपूर्वीच पाहिला होता. पाहिला, डोळे पुसले असतील, घरी येऊन जेवली आणि सुनेला काही विचारलं नाही. तिला तोंड उघडायला लावलं ते मराठीतल्या त्या भिकार भागाने.

निपाणीला रेणुका उतरली. पिशवी तिला एका हाताने उचलवेना. मावशीने ती स्वतः भरली होती.