शिळं पाणी टाका

छावणी भागातल्या शकूरचाचांनी मला फसवलं. औषधाची बाटली गळ्यात मारून नव्हे, न विकून.

शोभेचे मासे विकणारे हे गृहस्थ गिऱ्हाइकाशी बोलताना तोंड टाकीच्या काचेकडं ठेवायचे. ‘‘मच्छी बोलती नै भाऊ, इसके वास्ते मैं बोलता,’’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी भाव पाडायला लागलो की मात्र स्वतःच मासा व्हायचे. हातगाडीवर नळाच्या तोट्या विकत मी दुकान उभं केलं, भल्याभल्यांना घाम फोडला. पण जो भांडतच नाही, त्याच्याशी घासाघीस करायची कशी?

माझ्या लेकीनं, मुक्तानं, त्यांच्याकडूनच डोक्यावर लाल गोंडा असलेला गोल्डफिश घेतला होता. नाव टोपी. नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशांना सोसत नाही, तो मारायचं औषध मिळतं, असं कळलं म्हणून मी गेलो. फळीवर तीन बाटल्या. सगळ्यांत स्वस्त बाटलीचा भाव मी पाडू लागलो, तर चाचांनी तीही मागं ओढली.

‘‘पुंडलिकनगरला पानी कब आता?’’

‘‘आठवड्यातून एकदा. तेही उपकार केल्यासारखं.’’

‘‘ड्रमात भरून ठेवता?’’

‘‘मग काय खिशात ठेवू?’’

‘‘फिर दवा कायको? शिळं पाणी टाका.’’

नळ आला की शिळं पाणी अंगणात ओतून ताजं भरायचं, ही आमच्या घराची रीत. चाचा आपल्यातलेच निघाले म्हणून मी खूशही झालो. नळ आल्या दिवशी ड्रममधलं आणि काचपेटीतलं शिळं पाणी टाकून दिलं आणि पेटी ताज्या, क्लोरीनच्या वासाच्या पाण्यानं काठोकाठ भरली. दुपारी टोपी उलटा तरंगत होता. मुक्ता माझ्याशी बोलेना.

मी दुकानात जाऊन तोफ डागली. चाचा शांतपणे म्हणाले, ‘‘मैं बोला था ना, शिळं पाणी टाका?’’

‘‘टाकलं की! अंगणात!’’

‘‘अरे भाऊ, पेटीत टाका! ठेवलेल्या पानीतला क्लोरीन उड जाता!’’ ते इतके हसले की चष्मा माशांच्या टाकीत पडला. मग एकदम थांबले. ‘‘बच्ची रोई क्या?’’

दुसरा मासा आणि सगळ्यांत भारी बाटली त्यांनी माझ्या हातात कोंबली. पैसे? त्यांनी हात जोडले. म्हणजे तिथंही घासाघीस करू दिली नाही. मुक्ता बोलायला लागली, पण माझ्याशी नव्हे, ‘‘शकूरआजोबां’’विषयी! मग दर रविवारी तिला घेऊन छावणीत जाणं आलं. ते दोघं काचेला नाक लावून गप्पा मारायचे. मी भाव विचारत उभा.

गेल्या महिन्यात गेलो तर शटरवर नवी पाटी. शेजारचा म्हणाला, चाचा दुकान विकून लेकाकडं पैठणला गेले. मला ना निरोप, ना फोन. नवा पोरगा मी भाव पाडायच्या आतच म्हणतो, ‘‘ले जाओ अंकल.’’ यात काय राम?

मुक्ता विचारते, आजोबा न सांगता कसे गेले? चाचा, पाण्याच्या वेळी ‘टाका’चा अर्थ तुम्ही समजावलात. आता हे शिळं गिऱ्हाईक टाकून गेलात, याचा अर्थ काय घ्यायचा? पैठण काही लांब नाही. रविवारी पोरीला घेऊन येतोय. जबाब तयार ठेवा.