खड्ड्यामागचं झाड

अहेरीच्या बाजारात चारोळी विकणाऱ्या त्या बाईचं नाव मी विचारलंच नाही. गावाजवळ सुरुंगाचा स्फोट झाल्यावर तिनं गाव सोडलं होतं. आपलं मोहाचं झाडही उडालं, असंच ती समजत होती. स्फोटाच्या खड्ड्याचे मी काढलेले जोडफोटो दोन भिंगांतून पाहिले की एक होऊन खोल दिसत. ते तिला दाखवताना मला अपराधी वाटलं.

तिनं भिंगं पदरानं पुसली, डोळ्यांना लावली आणि हवेतच हात पुढे केला.

"खड्डा काय पाह्यता, भाऊ? मांगं पाहा न! माहं झाड उभं हाये."

भिंगांशिवाय नुसत्या फोटोत ते रानात मिसळून गेलं होतं. फोटोखालचं 'स्फोटाचा खड्डा' खोडून मी 'बाईचं झाड' लिहिलं. तिचे आभार राहिले होते, ते इथं मानतो.