जाऊन राहिलो

अमरावतीत बडनेरा रोडवर सुगतचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. बाजारात त्याला सगळे ‘टेस्टर’ म्हणतात. त्याच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर असतो म्हणून नव्हे. तो तर त्या धंद्यातल्या सगळ्यांच्याच खिशात असतो. हा माणूस टेस्टर लावल्याशिवाय कशावरच विश्वास ठेवत नाही, म्हणून. लाइट गेली असं अख्खा रस्ता ओरडून सांगत असला, तरी सुगत उठून बोर्डाला टेस्टर लावतो आणि मगच म्हणतो, “हाव, गेली.” शेंदूरजनाघाटचा एखादा संत्रा बागायतदार जळालेली मोटर घेऊन येतो आणि व्होल्टेजच्या नावानं बोटं मोडतो. सुगत आधी त्याच्या तोंडाकडे बघतो, मग मोटर हुंगतो आणि विचारतो, “कोरडी कावून चालवली?” बहुतेक वेळा ती पाण्याविना, कोरडीच चालवलेली असते. या बहुतेक वेळांनीच त्याला बिघडवलं.

त्याच्या दुकानाला लागून असलेला गाळा वर्षानुवर्षं बंद आहे. दोन भावांचं भांडण. एकानं गुपचूप कोर्टात जाऊन स्टे आणला, दुसऱ्याचं शटर जे खाली आलं ते आलंच. आता त्या शटरच्या फटीतून पिंपळाचं रोप डोकं बाहेर काढून उभं आहे. सुगत रोज सकाळी त्या रोपाकडे बघून स्वतःचं कुलूप उघडतो. ‘स्टे’ या शब्दाचा त्याला माहीत असलेला अर्थ एवढाच. हा शब्द पुढे फार मोठा घोळ घालणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.

त्याची बायको प्रियदर्शनी मूळची अकोल्याची. शिकलेली नर्स. लग्नाच्या आधीच तिला परदेशातल्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली आणि तिथं कायम राहायचा परवानाही मिळाला. देशाचं नाव न घेतलेलं बरं. उद्या आपल्याही घरातल्या कोणाला तिथला व्हिसा लागायचा. सुट्टी काढून ती आली, अकोल्याच्या विहारात साध्या पद्धतीनं लग्न झालं, आणि सुट्टी संपताच ती परत गेली. गेल्या गेल्या तिनं नवऱ्याला कायमचं बोलावून घ्यायची फाइल टाकली. फाइल रांगेत लागली. रांग अशी, की तिचं टोक कुणालाच दिसत नाही.

सुरुवातीला सुगतलाही त्याचं काही वाटलं नाही. पण बाजारातली माणसं काही गप्प बसणारी नव्हेत. चहाच्या टपरीवर रोज कोणीतरी विचारायचंच, “मंग सुगतभाऊ, कवा जाऊन राहिला?” पहिल्या वर्षी तो हसून सांगायचा, “फाइल चालू हाये.” दुसऱ्या वर्षी तो हसायचा बंद झाला. पुढे पुढे त्यानं टपरीच बदलली.

रोज फोनवर दोघं एकमेकांना बघायची. तिच्या मागे नेहमी तीच पिवळसर भिंत. ना खिडकी, ना पलंग, ना दार. एकदा बोलता बोलता तिचा फोन कलंडला आणि क्षणभर दार दिसलं. दाराजवळ मरदाचे जोडे होते. काळे, जाड तळाचे, चांगले मोठे. तिनं फोन सरळ केला, भिंत परत आली, पण सुगतच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

सरळ विचारायचं की नाही? छे! काय तपासणार हे तो गिऱ्हाइकाला कधी आधी सांगत नाही, बायकोला बरं सांगेल! तो आडून आडून विचारायला लागला.

“हा आवाज कायचा होय?”

“फ्रिजचा.”

फ्रिज खाकरत नाही, असं तो मनात म्हणाला. तिनं हसून बोलावं तर हा विचार करी, आज एवढं हसू कशाचं? ती दमून बोलली तर, कशानं दमली? ती बिचारी ड्युटीवर बारा-बारा तास उभी राहून दमत होती. पण हे समजायला जो विश्वास लागतो, तो ह्या गड्याच्या खिशात नव्हता.

शेवटी त्यानं ठरवलं, की आपणच जाऊन बघायचं. कायमच्या फाइलची वाट बघत बसण्यापेक्षा पंधरा दिवसांचा पाहुणा म्हणून जायचं. तिला म्हणाला, “तुले भेटाले येतो.”

“नका येऊ,” ती पटकन म्हणाली. “कायमची फाइल चालू असली का ते लोक शंका घेतात. याले पाहुणा म्हणून येऊ देलं का हा इथंच मुक्काम ठोकीन, असं वाटते त्यायले. नाही म्हणतीन, मंग उगाच जिवाले लागते.”

एवढं सगळं ती बोलली, त्यातलं सुगतनं दोनच शब्द ऐकले. नका येऊ. त्यानं दुसऱ्याच दिवशी अर्ज भरून टाकला.

मुलाखतीची तारीख आली तेव्हा ती जेवणाच्या सुट्टीत घाईघाईनं बोलली, “बरं, जाता तं जा. पण माह्यं एक ऐका. तठी हिंदीत बोलजा. आपली वऱ्हाडी नका बोलू.”

“कावून? आता बोलीची बी लाज वाटून राहिली काय तुले?”

“तसं नाही हो. ऐकून तं घ्या...”

त्यानं फोन कापला. मोठी मॅडम झाली! आमचं बोलणंही आता हिला खपत नाही, आणि ज्याचे जोडे दारात आहेत तो कोणत्या भाषेत बोलतो कोण जाणे! त्यानं त्याच वेळी शपथ घेतली, की बोलायचं तर मराठीतच, आणि तेही असं, की वऱ्हाड कानात वाजलं पाहिजे.

मुंबईत त्या परदेशी कचेरीच्या दारात त्याला आधी एकानं तपासलं, मग दुसऱ्यानं, मग यंत्रानं. पट्टा काढायला लावला, खिसे उलटे करायला लावले, टेस्टर तर केव्हाच बाहेर ठेवून घेतला. दुसरा कोणी चिडला असता. सुगतला उलट बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला स्वतःइतकी संशयी कचेरी भेटली होती.

काचेपलीकडे एक तरुण गोरा साहेब होता आणि त्याच्या शेजारी मराठी सांगायला एक बाई. बाईंचं मराठी इस्त्री केलेलं.

“आपण तिकडे कशासाठी जाणार आहात?”

“बायकोले भेटाले.”

बाईंनी सांगितलं, साहेबानं मान डोलावली. त्याला ते पटलं. खरं तर ते साफ खोटं होतं. सुगत भेटायला नव्हे, जोडे बघायला निघाला होता.

“आपली कायमची फाइल चालू आहे. मग ती होण्याआधीच आत्ता का?”

आता मात्र सुगतला खरं तेच सांगायचं होतं. दुकान सोडून तो कुठंही राहणाऱ्यातला नव्हता. हंगाम तोंडावर आला होता, फळ्यांवर लोकांच्या मोटरी पडल्या होत्या, पंधरा दिवसांच्या वर एक दिवस त्याला परवडणारा नव्हता. पण हे सगळं पोटातच राहिलं आणि ओठांवर आलं ते असं:

“फाइल होईन तवा होईन, ताई. मी आता जाऊन राहिलो.”

बाई थबकल्या. “जाऊन राहिलो, असं म्हणताय आपण?”

“हाव! जाऊन राहिलो!” सुगतनं काउंटरवर हात आपटून सांगितलं.

बाईंनी साहेबाला इंग्रजीत सांगितलं. साहेबानं काहीतरी विचारलं, बाईंनी परत सांगितलं. त्या बोलण्यातला एक शब्द सुगतच्या कानात खिळ्यासारखा बसला. स्टे. एकदा नाही, दोनदा. साहेबानं पासपोर्ट आणि एक छापील कागद काचेखालून सरकवला आणि सॉरी म्हटलं. तो कागद सुगतनं वाचलाही नाही. स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर वाचायचं काय? फाइलवर कोणीतरी स्टे आणला होता.

आणि कोण आणणार? त्या देशात त्याला ओळखणारं माणूस एकच होतं.

परतीच्या गाडीत त्यानं सगळे धागे जोडले. येऊ नका म्हणाली, हिंदीत बोला म्हणाली, आणि तरी हा ऐकत नाही म्हटल्यावर तिकडच्या कोर्टात जाऊन मोकळी झाली. त्याला बंद गाळ्याचं शटर दिसायला लागलं. रागाच्या तळाशी त्याला रडूही येत होतं, पण ते त्यानं डब्यातल्या धुळीवर ढकललं. सकाळी गाडी अकोल्याला थांबली, तसा तो बडनेऱ्याचं तिकीट खिशात असून तिथंच उतरला आणि तडक सासुरवाडीच्या दारात जाऊन उभा राहिला.

सासरे बुधाजी एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. दारात पेपर वाचत बसले होते.

“जय भीम, जवाईबापू! काय झालं मुंबईले?”

“तुमच्या पोरीनं स्टे आणला, मामाजी.”

बुधाजींच्या हातातला पेपर खाली आला. “कोन्या कोर्टातून?”

“तिथल्या.”

“तारीख कोनती देली?”

म्हाताऱ्याचं आयुष्य तिकिटं फाडण्यात आणि भावकीच्या केसेसमध्ये गेलेलं. त्याला दुसरं काय सुचणार! सासूबाई जाईबाई मात्र चहाची कपबशी घेऊन बाहेर आल्या, जावयाचं तोंड बघितलं, कपबशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “कोर्टाचं मंग पाहू. आधी तिलेच विचारू.” त्यांनी फोन लावला.

तिकडे अजून आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. प्रियदर्शनी नुकतीच ड्युटीवरून आली होती, अजून गणवेशातच. मागे तीच भिंत. सुगतनं जमेल तेवढा आवाज चढवून सगळं सांगितलं, आई-बापांसमोरच. स्टेचं सांगितलं, आणि आता उरलंच काय म्हणून जोड्यांचंही सांगितलं. जोड्यांचं नाव निघालं तसे बुधाजी उठून आत गेले.

ती ओरडली नाही. तिनं एकच विचारलं, “तुमी तठी नेमके काय शब्द बोलले?”

“जे खरं ते बोललो. फाइल होईन तवा होईन, मी आता जाऊन राहिलो.”

ती हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “अहो, आपल्यात जाऊन राहिलो म्हणजे निघालो. पुण्या-मुंबईच्या मराठीत जाऊन राहिलो म्हणजे जाऊन तिथंच राहिलो! तुमी त्यायले सांगतलं, का फाइल गेली खड्ड्यात, मी आताच जाऊन राहतो. स्टे म्हणजे राहणं. कोर्ट नाही अन् काही नाही.”

डोळे पुसून ती पुढे सांगायला लागली.

“मी पुण्याले नोकरीले होती तवा रूमवर एक आकांक्षा होती, तिथलीच. तिले मी फोनवर सांगतलं, मी घरी जाऊन राहिली. चार दिवसांनी परत आली तं माह्या खाटेवर दुसरी पोरगी! तिले वाटलं, मी घरीच जाऊन राहिली. म्हणून म्हणलं होतं हिंदीत बोलजा. लाज नाही वाटत मले. सांगतच होती, तुमी फोन कापला.”

आता जाईबाई बोलल्या. “अन् जोड्याचं म्याच सांगतलं होतं तिले. एकटी बाई, परका मुलूख. दारात मरदाचे जोडे असले का कोनी वाकडं पाहात नाही. म्हणलं, कोनाचे जुने-पानेही चालतीन.”

“मी जुने नाही घेतले,” प्रियदर्शनी म्हणाली. तिनं फोन उचलला आणि दारापाशी नेला. जोडे समोर आले. तळ कोरे होते, आतल्या बाजूला दुकानाचं लेबल तसंच चिकटलेलं. “नऊ नंबर. बर्फात घालाचे हायेत. तुमी आले का कामी पडतीन म्हणून घेतले.”

नऊ नंबर सुगतचाच. त्यानं मान खाली घातली.

“आता पुरतं पाहून घ्या,” ती म्हणाली, आणि फोन हातात धरून घरभर फिरायला लागली. एक पलंग. एक खुर्ची. खाकरणारा फ्रिज, तो खरोखरच खाकरत होता. न्हाणीत एक ब्रश. तिनं कपाट उघडलं, पलंगाखाली फोन नेला.

“नको दाखवू,” सुगत म्हणाला. “बस कर, प्रिया. नको दाखवू.”

तिनं सगळं दाखवूनच मग फोन स्वतःकडे वळवला. “एक विचारू? तुमी मले भेटाले येऊन राहिले होते का तपासाले?”

खोटं बोलणं सोपं होतं. काचेपलीकडच्या साहेबाला ते पटलंही होतं. पण आता सुगतच्यानं ते होईना.

“तपासाले,” तो म्हणाला.

“मंग त्या साहेबानं बरंच केलं,” ती म्हणाली, आणि फोन बंद झाला. जाईबाईंनी चहा परत गरम करून आणला. त्यानंतर त्या जावयाशी एक शब्द बोलल्या नाहीत.

सुगत अमरावतीला आला, दुकान उघडलं, जळालेल्या मोटरींत नवी तार भरली. तो रोज फोन लावत होता. ती कधी उचलत होती, कधी नाही. उचलला तरी जेवलात का, झोपलात का, एवढंच. टपरीवर कोणी काही विचारलं तर तो सरळ सांगायचा, “माही चूक झाली.” लोकांना वाटायचं, अर्जात काही चूक झाली असेल.

पावसाळा सरता सरता एका दुपारी तिचा मेसेज आला. सुगतचे हात ग्रीसनं माखलेले होते, ते पुसून त्यानं वाचला.

‘दसऱ्याले येऊन राहिली. भेटाले. राहाले नाही.’

त्यानं तो पुन्हा वाचला. राहायला नाही म्हणजे फक्त या खेपेपुरतं, की इथून पुढे कधीच नाही? तिची सुट्टी कमी आहे, की मन उठलं आहे? हात सवयीनं खिशातल्या टेस्टरकडे गेला. एक फोन लावला असता तर कळलं असतं. विचारावं की नाही, हे ठरवत तो मोटरीसमोर बसून राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला तपासायची भीती वाटली.

मग त्यानं फक्त ‘ये’ एवढंच लिहिलं.