जाळीच्या मापाची उशी

धुतलेल्या चादरी निम्म्याच दोरीवर गेल्या होत्या, तेवढ्यात समोरच्या इमारतीतून मोठ्या जाऊबाईंचा फोन आला.

"अगं, डोकं नुसतं फुटतंय. हेही सकाळपासून उठायचं नाव घेत नाहीत. हाक मारली की हं म्हणतात नि पुन्हा डोळे मिटतात."

"हीटर चालू आहे का, वहिनी?"

"आहे की. घर काय उबदार झालंय म्हणून सांगू! मुंगीलाही शिरायला फट ठेवली नाही मी."

चादर बादलीत टाकून मी तशीच धावले.

जाऊबाईंचा जन्म शिवणकामात गेला. शिवलेला कपडा उजेडाकडे धरायचा आणि टाके विरळ दिसले की उसवायचा, ही त्यांची रीत. थंडी पडल्यापासून तीच नजर घरावर फिरत होती. उदबत्ती पेटवून खिडक्यांच्या कडेने न्यायच्या. धूर हलला की तिथे कापडाची पट्टी नाहीतर चिकटपट्टी. दाराखाली वाळूची लांब पिशवी. गॅसचा हीटर पूर्वी दिवसभर जळायचा, तो आता ऊब टिकत असल्याने निम्मा वेळ बंद राहू लागला होता. भाऊजी म्हणायचे, "मी फार वेळ एका जागी बसलो, तर मलाही टीप मारेल ही."

दार जाऊबाईंनीच उघडलं, चौकटीला धरून. आत हवा जड. हीटरची एरवीची निळी ज्योत पिवळी पडलेली. आणि वर, हवा खेळावी म्हणून भिंतीत ठेवलेल्या जाळीत, मापात बेतलेली उशी, चक्क गोट लावून!

"वहिनी, ही कधी बसवली?"

"काल. छान बसलीय ना?"

कोंडलेल्या खोलीत जळणारा गॅस माणसाला झोपेतच नेतो, हे मी ऐकून होते. हीटर बंद केला. खिडकीची चिकटपट्टी निघता निघेना. नखं मोडली, तेव्हा कुठे तावदान उघडलं. देवा, यांना नेऊ नकोस, एवढंच तोंडात. शेजाऱ्यांना हाका मारल्या. आम्ही भाऊजींना चादरीसकट ओढत जिन्यात आणलं. एकाने रुग्णवाहिकेला फोन केला.

"भाऊजी! ऐकताय ना?"

जाऊबाई पायरीवर बसून त्यांचे तळवे चोळत होत्या. बऱ्याच वेळाने भाऊजींचे ओठ हलले.

"दार लाव... वारं येतंय."

"बोलले गं, बोलले!" जाऊबाई हसता हसता हुंदके देऊ लागल्या.

आता दोघांनाही दवाखान्यात प्राणवायू लावलाय. भाऊजी माणसं ओळखतात, पण मधेच भलतंच बोलतात. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत थांबून पाहू. जाऊबाई मास्क बाजूला करून मला म्हणाल्या, "अगं, मापसुद्धा मीच घेतलं गं." मी त्यांचा हात तेवढा धरला. घरी येऊन देवापुढे बसले, पण डोळे मिटायची भीती वाटते.

त्यांच्या घरातली ती उशी मी काढली आहे. आता हीटर दुरुस्त करणाऱ्याला बोलवायला जायचं आहे.