देव घडवणारा मामा

आमचा मामा देव घडवायचा. पोटासाठी, असं तो स्वतःच सांगायचा. पण कुणी मूर्तीच्या नाकाला नावं ठेवली की छिन्नी घेऊन अंगावर धावायचा. हुज्जत घालणाऱ्या एका पुजाऱ्याला त्याने एकदा उचलून दगडाच्या भुकटीत आपटलं होतं. घरात सगळे त्याला टरकून असत. मला मात्र तो फार आवडायचा.

त्याचा एकुलता एक मुलगा, आम्ही त्याला शहाणा म्हणायचो, गुरूकडे तत्त्वज्ञान शिकून परत आला आणि जेवणं गोड लागेनाशी झाली.

"हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीला कोणीतरी हलवतं, बाबा. मागे मागे गेलं की शेवटी एकच उरतो. त्याला कोणी हलवत नाही. त्याला नाक नाही, हात नाहीत. मग तुम्ही घडवता तो देव कसा?"

"हात नाहीत तर हलवतो कशाने रे?" मामा विचारायचा, आणि हसण्यावारी न्यायचा.

एकाच देवाला मानणाऱ्यांच्या हाती सत्ता आली आणि हसणं संपलं. बाकीच्या सगळ्या देवांच्या मूर्ती मोडा, असा हुकूम निघाला. आठवड्यात दोन देवळं जळाली. मामाने आपटलेल्या त्या पुजाऱ्याला लोकांनी पायरीवरच दगडांनी ठेचलं. अशा दिवसांत शहाणा खांद्यावर दोरखंड टाकून घरी आला.

"उद्या मोठी मूर्ती पाडणार," तो म्हणाला.

मोठी मूर्ती म्हणजे मामाच्या आयुष्याची अकरा वर्षं. त्याने घणाचा दांडा उचलला आणि पोराला बडव बडव बडवलं. मामी मधे पडली, तिचं मनगट मोडलं. शहाण्याने हात उगारला नाही. ओठावरचं रक्त पुसलं आणि दोर घेऊन चालता झाला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी साठ-सत्तर माणसं मूर्तीच्या गळ्यात दोर अडकवून ओढत होती. मामा घण आणि हत्यारांची पिशवी घेऊन निघाला, त्याला आवरायला म्हणून मी त्याच्यामागे गेले होते. त्याने एकदा दोर पाहिले, एकदा चौथरा पाहिला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"शहाण्या, सोड! डावीकडे कोसळेल, बाजूला हो!"

शहाण्याला वाटलं, बापाला अजून मूर्तीच वाचवायची आहे. त्याने दात-ओठ खाऊन आणखी जोर लावला. मूर्ती वळली आणि डावीकडे आली. दोर ओढणाऱ्यांपैकी दोघं जागीच चिरडले. मूर्तीचे पाय चौथऱ्यात अडकून राहिले आणि धड पोराच्या मांड्यांवर. तो गुरासारखा ओरडत होता.

लोक पहारी घेऊन धावले. मामाने पहिल्याचा खांदा घणाने फोडला.

"उचलायची नाही! उचललीत तर छातीवर घसरेल!"

मूर्तीच्या कमरेतून दगडाची एक कच्ची शीर जात होती. ती दिसू नये म्हणून त्याने वर कंबरपट्टा कोरला होता, हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. त्या कंबरपट्ट्यातच त्याने पिशवीतल्या लोखंडी पाचरी रोवल्या. मी पाचरी धरल्या. माझी दोन बोटं त्यात कायमची गेली. "पाप्या, देवावर घाव घालतोस?" एक म्हातारा किंचाळला. "बघा, यालाही सत्य कळलं!" गर्दी आरोळ्या देऊ लागली. मामाला दोन्ही ऐकू येत नव्हतं. तो घाव मोजत होता. सहाव्या घावाला शहाण्याचं ओरडणं थांबलं. मामाचा हात थांबला नाही. नवव्याला देव दुभंगला, धड पलीकडे लोटलं आणि आम्ही पोराला ओढून काढलं.

त्याचा एक पाय मांडीपासून कापावा लागला. तीन दिवस मामा उशाशी बसून होता, अन्नाचा कण नाही की डोळ्याला डोळा नाही. चौथ्या दिवशी सकाळी शहाण्याने डोळे उघडले. चेहऱ्यावर काय समाधान होतं!

"बाबा," तो म्हणाला, "त्या एकानेच मला वाचवलं."

मामाने त्याच्या थोबाडीत ठेवून दिली, अशी की मामी किंचाळत धावली. मग पोराचं डोकं छातीशी आवळून तो ढसाढसा रडायला लागला.

"नऊ घाव माझे होते रे, गाढवा," तो म्हणत होता. "नऊच्या नऊ माझे."